एवढ्याशानं काय होतंय?

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये एकजण म्हणाला, "यार, मला सोमवारची ॲलर्जी आहे." सगळे हसले, मीही हसलो. हा शब्द आपण पार गुळगुळीत करून टाकलाय. कुणाला वांग्याची ॲलर्जी, कुणाला मॅनेजरची. त्यामुळे होतं काय, की "माझ्या मुलीला तिळाची ॲलर्जी आहे" असं मी म्हणतो तेव्हा समोरच्याला ऐकू येतं, "हिला तीळ आवडत नाहीत". आणि मग सुरू होतो आग्रह!

तर मंडळी, आजचा शनिवार या आग्रहावर चिडण्यासाठी राखून ठेवलाय.

लेक आता तीन वर्षांची आहे. चौदा महिन्यांची असताना शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक कण तोंडात गेला आणि दहा मिनिटांत अंगभर गांधी, उलटी, घशातून शिट्टीसारखा आवाज. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनॅलिन टोचलं तेव्हा ती सावरली. पुढे तपासण्या झाल्या. शेंगदाणा आणि तीळ, दोन्ही बंद. इंजिनियरच्या भाषेत सांगायचं तर शरीराचा फायरवॉल तिळातल्या साध्या प्रथिनाला व्हायरस समजतो आणि सगळी सिस्टिमच बंद पाडायला निघतो. कॉन्फिगरेशन बदलायची सोय आपल्या हातात नाही.

आता माझं गाव पाथरी, जिल्हा परभणी. (जानेवारी २०२० मध्ये साईबाबांच्या जन्मस्थानावरून शिर्डी बंद झाली, तेव्हा आमच्या टीमला पहिल्यांदा कळलं की असं गाव आहे.) मराठवाड्याच्या स्वयंपाकघरातून शेंगदाणे आणि तीळ काढा, म्हणजे काय उरतं बघा. भाजीत कूट, आमटीत कूट, उपवासाच्या खिचडीत तर कूटच कूट. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ, भोगीच्या भाजीत तीळ. दुसऱ्या दिवशी तिळगूळ, तो तर प्रत्येकानं हातावर ठेवायचाच. आणि लहान पोरांचं बोरन्हाण! डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, मुरमुरे, हलवा आणि भुईमुगाच्या शेंगा ओतायच्या. माझ्या मुलीच्या दृष्टीनं हा सोहळा कसला आहे, तुम्हीच ठरवा.

गेल्या संक्रांतीला गावी जाण्याआधी मी सगळ्यांना फोन केले. काय चालतं, काय चालत नाही, सगळं सांगितलं. सगळे "हो हो" म्हणाले. आणि संक्रांतीच्या दुपारी आत्यानं, माझं लक्ष नाही असं पाहून, लेकराच्या तोंडात तिळाच्या लाडवाचा तुकडा घातला. "एवढ्याशानं काय होतंय? संक्रांतीचं तोंड गोड नको व्हाया?"

एवढ्याशानं ओठ सुजले, उलटी झाली, खोकला थांबेना. माझ्या बॅगेत डॉक्टरांनी लिहून दिलेली सिरिंज आणि ॲम्प्युल असते. कधी आणि किती द्यायचं हे त्यांनी मला आणि बायकोला करून दाखवलंय. हात लटपटत होते, पण मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचलं आणि गाडी काढून दवाखाना गाठला. सुधारल्यावरही काही तास तिथंच थांबावं लागतं, कारण लक्षणं परत उलटू शकतात. संध्याकाळी घरी आलो तर अंगणात चर्चा कशाची? "बापानं लेकराला सुई टोचली हो!"

आत्याचं प्रेम खोटं नाही. पण मला विचाराल, तर आपल्याकडे प्रेमाचा पुरावा फक्त खायला घालूनच देता येतो, हा रोग माझ्या मुलीच्या ॲलर्जीपेक्षा जुना आहे.

"आमच्या टायमाला असलं काही नव्हतं" हे दुसरं पेटंट वाक्य. यात थोडं तथ्य असेलही. २०१५ साली लंडनचा 'लीप' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित भरवले, तर पाचव्या वर्षी ॲलर्जीचं प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. म्हणजे बाळाला लवकर चव देणाऱ्या आज्यांचं अगदीच चुकत नव्हतं. पण तो उपाय ॲलर्जी होऊ नये म्हणून आहे. झालेली ॲलर्जी चोरून भरवल्यानं जात नाही. हा फरक गावात जाऊ दे, एमबीए झालेल्या माझ्या मित्रांनाही कळत नाही. "थोडं थोडं देऊन सवय लाव ना!" अरे बाबा, तो प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली करतात, तुझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत नाही.

आणि सरकारचं बघा. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत ॲलर्जीचे घटक पाकिटावर जाहीर करायचे आहेत. त्या यादीत दूध, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन, अगदी सल्फाइटही आहे. तीळ नाही! संक्रांतीच्या देशात तीळ नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ नववा मुख्य ॲलर्जन आहे. ब्रिटनमध्ये नताशा एडनान-लापेरूझ ही १५ वर्षांची मुलगी २०१६ मध्ये ब्रेडच्या पिठातल्या तिळामुळे गेली. पाकिटावर तसा उल्लेखच नव्हता. तिच्या आईवडिलांनी लढून नियम बदलायला लावला, तो २०२१ पासून लागू झाला. आपल्याकडे सुट्या मिठाईच्या दुकानात "यात काय काय आहे?" विचारलं तर उत्तर मिळतं, "ताजं आहे साहेब".

आता तुम्ही विचाराल, मग आम्ही करायचं काय, वाढदिवसाला आणायचं काय? अहो, उत्तर संक्रांतीतच आहे. हळदीकुंकवाला बायका वाण लुटतात. वाट्या, डबे, कंगवे, काय वाट्टेल ते, खायचं नसलं तरी कुणी नाक मुरडत नाही. मोठ्यांना वस्तू चालते, मग पोरांच्या हातावर खाऊच का ठेवायचा? खडू द्या, चेंडू द्या, गोष्टीचं पुस्तक द्या. आणि खाऊच द्यायचा असेल तर आधी आईबापाला फोन करा. "शुगर फ्री आणलंय, चालेल ना?" हे विचारणं नव्हे, त्याचा इथे काही संबंध नाही :-)

मला मिळालेली सगळ्यात भारी भेट पाथरीच्याच वहिनीची. त्या दवाखान्याच्या रात्री ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ओटा धुतला, नवं पातेलं काढलं, करडईच्या तेलात साधा भात-भाजीचा स्वयंपाक केला, आणि मुलीसाठी राजगिऱ्याचे लाडू वळले. राजगिरा घरीच लाह्या करून, कारण बाजारचा कुठल्या कढईत भाजलाय कोण जाणे. लाडू एका लाल झाकणाच्या डब्यात भरून मला म्हणाली, "भाऊजी, ह्यातलंच द्या तिला. आणि ती सुई कशी देतात, मला शिकवा." दीड वर्षात असं विचारणारी ती घरातली पहिली. मी रिकाम्या सिरिंजनं संत्र्यावर टोचून दाखवलं, तिनं तीनदा करून बघितलं. तो लाल डबा आता पुण्यात आमच्या फ्रिजवर असतो आणि लेक तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

आत्या अजून रुसलेली आहे. माझ्याशी थेट बोलत नाही. गेल्या आठवड्यात आईकडून निरोप आला: यंदा मुरमुऱ्याचे लाडू करणार आहे, त्याला म्हणावं येताना कढई घेऊन ये.