खिडकी उघडी ठेवून ऐकूया

‘आम्हाला त्यातलं काही कळत नाही बुवा!’ दुसऱ्या प्रांतातलं किंवा परदेशी गाणं कानावर पडलं की हे वाक्य तुम्हीही कधीतरी म्हटलं असेल. मी तर याहून वाईट बोलले होते. आज तीच गोष्ट सांगते.

बदलीमुळे आम्ही चेन्नईला राहायला गेलो होतो. खालच्या मजल्यावरच्या मामी (तिकडे शेजारच्या मोठ्या बाईंना मामीच म्हणतात) सकाळी सहाला मुलींना गाणं शिकवायच्या. श्रुतीपेटीचा आवाज, मुलींचे कोवळे गळे आणि एकच ओळ पंचवीस वेळा. एका रविवारी मी खाली गेले आणि दारातूनच म्हटलं, “मामी, जरा हळू घ्याल का? सगळे सूर नुसते हलवत गातात, डोकं दुखतं.”

मामी काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांची खिडकी बंद. चेन्नईच्या उकाड्यात, बंद खिडकीआड वर्ग चालू राहिला. मला झोप मिळाली आणि मी विषय विसरून गेले.

मग नवरात्र आलं. मामींकडून कोलूचं बोलावणं आलं. पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, हातात सुंडल, कपाळाला कुंकू. आलेल्या पाहुणीला ‘एक गाणं म्हणा’ असा आग्रह करायची तिकडे रीत आहे. माझी पाळी आली. मी गीतरामायणातलं पहिलं गाणं म्हटलं. पहिलं कडवं संपायच्या आत समोरची नऊ-दहा वर्षांची मुलगी ओरडली, “मोहनम्!”

मामी हसल्या. त्यांनी मुलींना खूण केली आणि मुलींनी ‘वरवीणा’ हे गीतम् सुरू केलं. कर्नाटक संगीत शिकणारी मुलं अगदी सुरुवातीला शिकतात ते. पहाटे पंचवीस वेळा माझ्या कानावर पडायचं तेच! त्या दिवशी मात्र मी ते पहिल्यांदा ऐकलं. सा, रे, ग, प, ध. अहो, हा तर आपला भूप!

रोज माझ्या खिडकीतून भूप आत येत होता आणि मी त्याला डोकेदुखी म्हटलं होतं.

असं का होतं? आपले कान सवयीचे गुलाम असतात. भूपात गंधारावर शांतपणे थांबलेलं आपल्याला आवडतं. मोहनम्‌मध्ये सूर पाच तेच, पण त्यांना हेलकावे देत गातात. या हेलकाव्यांना तिकडे गमक म्हणतात. तो गाण्यावर चढवलेला दागिना नाही, ते त्या गाण्याचं अंगच आहे. मला फक्त ‘हलणं’ ऐकू आलं, सूर ऐकूच आले नाहीत.

हे पाच सूर भलतेच भटके आहेत बरं का! स्कॉटलंडचं ‘ऑल्ड लँग साइन’ गुणगुणून पाहा. शब्द कवी रॉबर्ट बर्न्स यांचे, अठराव्या शतकातले. चाल याच पाच सुरांची. रवींद्रनाथ टागोरांनी ती उचलून बंगालीत ‘पुरानो सेइ दिनेर कथा’ लिहिलं. जपानमध्ये हीच चाल शाळेच्या निरोप समारंभात म्हणतात आणि दुकानं बंद व्हायच्या वेळीही वाजवतात. चीनचं ‘मो ली ह्वा’ हे मोगऱ्याच्या फुलावरचं लोकगीतही पाच सुरांतच फिरतं. इटालियन संगीतकार पुच्चिनी यांनी ते आपल्या ‘तुरांदोत’ या संगीतिकेत वापरलं. तिचा पहिला प्रयोग 1926 साली मिलानमध्ये झाला.

पण इथे एक सावधगिरी हवी. ‘सगळं शेवटी एकच’ म्हणून मोकळे होऊ नका. आपल्याकडेच पाहा ना, भूप आणि देशकार यांचे सूर तेच. पण भूप संध्याकाळचा, गंधाराला मान देणारा. देशकार सकाळचा, धैवताभोवती फिरणारा. सूर सारखे असले तरी घर वेगळं. ओळखीचं सापडलं की दार उघडतं, हे खरं. पण घर पाहायचं तर उंबरठा ओलांडून आत जावं लागतं.

आणि कधी कधी ओळखीचं काहीच सापडत नाही. बालीच्या गमेलान वाद्यवृंदात वाद्यांच्या जोड्या असतात आणि जोडीतली दोन वाद्यं मुद्दाम एकमेकांपासून किंचित वेगळ्या सुरात लावतात. दोन्ही एकदम वाजली की आवाज थरथरतो, लखलखतो. आपला कान पटकन म्हणेल, ‘बेसूर!’ तिथले लोक म्हणतील, यातच तर जीव आहे. ‘चुकलंय’ म्हणण्याआधी ‘हे मुद्दाम केलं असेल का?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ.

मग ऐकायचं कसं? मामींनी मला शिकवलं ते तुम्हाला देते.

पहिल्यांदा ऐकताना फक्त ताल पकडा. कर्नाटक संगीतात सर्वांत जास्त भेटतो तो आदिताल, आठ मात्रांचा. एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुन्हा टाळी आणि हात उलटा. आणखी एकदा टाळी आणि हात उलटा. मांडीवर हात चालू ठेवा, मन आपोआप गाण्यात येतं.

दुसऱ्यांदा फक्त ‘सा’ शोधा. मागे सतत वाजणाऱ्या सुरात आपला सूर मिसळून गुणगुणा. तिसऱ्यांदा एकच वाद्य किंवा एकच आवाज धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. तीनदा ऐकून झाल्यावर आवडलं की नाही ते ठरवा. नाही आवडलं तरी हरकत नाही, पण ते ऐकून ठरवलेलं असेल.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: ते गाणं ज्याचं आहे त्याला विचारा. नातू कानात इयरफोन घालून कोरियन गाणी ऐकतो? एक इयरफोन मागून घ्या. विचारा, “यातलं तुला काय आवडतं रे?” मुलांनो, तुम्हीही आजीच्या अभंगासाठी पाच मिनिटं द्या. गाण्याला नावं ठेवली की गाणाऱ्याला लागतं. मामींनी खिडकी लावून घेतली होती, ती उकाड्याला कंटाळून नव्हे.

त्या कोलूच्या रात्री निघताना मी मामींचा हात धरला आणि म्हटलं, “मामी, माझं चुकलं. उद्यापासून खिडकी उघडी ठेवा.” त्यांनी माझ्या हातात विड्याची पानं आणि नारळ ठेवला. म्हणाल्या, “तुम्हीच खाली या. सहा वाजता.”

मी गेले. मुलींच्या शेवटच्या रांगेत बसून मांडीवर ताल मोजत बसले. खिडकी उघडी होती.

या आठवड्यात तुम्ही कोणाच्या खिडकीखाली थांबणार?