भिंतीवर वारली, जमिनीवर कोण?

परवा आमच्या वडूजला एका लग्नाला गेलो होतो. कार्यालयाच्या भिंतीभर ऑइलपेंटने वारली नाच रंगवलेला. "छान डिझाइन आहे ना, सर?" शेजारच्याने विचारलं. मंडळी, हा 'डिझाइन' शब्दच मला खटकतो. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवी बसते, झाडापानांची, पिकापाण्याची. वारली हे नावही 'वारल', म्हणजे जमिनीचा तुकडा, यावरून आलं असं सांगतात. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये जाईपर्यंत ते काढत राहिले ते आपलं शिवारच, भात, मासळीचं जाळं, मुंग्यासुद्धा. याच मुलखात १९४५ साली वारल्यांनी जमीनदारांची वेठ झुगारली. आता बुलेट ट्रेनचा मार्ग डहाणू-तलासरीतूनच आखलाय.

"मोबदला मिळतो की!" म्हणे. अहो, बांधाच्या हातभर जागेसाठी आपण खटावकर वीस-वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो, तेव्हा का नाही मोबदल्यावर भागत?

मीही शाळेत पोरांना दोन त्रिकोण जोडून वारली माणूस काढायला शिकवलं. तो कुणाच्या शेतात उभा आहे, हे एकदाही सांगितलं नाही.