खताची गोणी आणि पाण्यातला हायड्रोजन



पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि त्यापासून खत बनवायचे, अशा बातम्या हल्ली वरचेवर येतात. निकेल-लोखंडाचा नवा उत्प्रेरक निघाला की लगेच खत स्वस्त होणार अशी हवा उठते. शोध खरा आहे. हिशेब मात्र आपला आपणच केलेला बरा.

पाण्यात वीज सोडली की एका पट्टीवर हायड्रोजन निघतो, दुसरीवर ऑक्सिजन. क्रिया जड चालते, म्हणून पट्टीवर उत्प्रेरकाचा थर देतात. तो स्वतः संपत नाही, काम हलके करतो. एका जातीच्या यंत्राला त्यासाठी प्लॅटिनम आणि इरिडियम लागते. इरिडियम साऱ्या जगात वर्षाला सात-आठ टनच निघते, तेही बहुतेक दक्षिण आफ्रिकेत. निकेल आणि लोखंड त्यामानाने मुबलक. त्यांचे अतिसूक्ष्म पापुद्रे बसवले की काम वाढते. ढेकूळ फोडले की तीच माती जास्त पाणी पिते, तसे. २०१९ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात असल्या थरावर समुद्राचे पाणीसुद्धा फोडून दाखवले.

आता ४५ किलोची युरियाची गोणी घ्या. तिच्यातल्या नत्रासाठी साडेचार किलोच्या आसपास हायड्रोजन लागतो. त्याला पाणी ४० लिटर. शुद्धीकरण आणि यंत्र थंड ठेवणे धरून दुप्पट-तिप्पट म्हणा. एकरभर रानाला एक इंच पाणी द्यायला लाखभर लिटर लागते. म्हणजे अडचण पाण्याची नाही. (कारखाना टँकरच्या तालुक्यात उभा राहिला तर गोष्ट वेगळी!)

अडचण विजेची. किलोभर हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट, म्हणजे गोणीला सव्वादोनशेच्या वर. पाच रुपये दर धरला तर नुसती वीजच अकराशे रुपयांची. आपल्याला गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती अनुदानामुळे. आणि उत्प्रेरक कितीही सुधारला तरी, बाहेरून उष्णता दिली नाही तर, किलोला ३९ युनिटांच्या खाली जाता येत नाही. उत्प्रेरक नासाडी वाचवतो आणि यंत्र स्वस्त करतो. वीज फुकट करत नाही. शिवाय युरियाला कर्बवायूही लागतो, तो पाण्यातून येत नाही.

पंजाबात नांगलला हे १९६० च्या दशकातच झाले होते. भाक्रा धरणाच्या स्वस्त विजेवर पाणी फोडून तिथे खत बनत असे. आज तो कारखाना नैसर्गिक वायूवर चालतो.

तेव्हा स्वस्त वीज ज्याच्या हाती, खत त्याच्या हाती. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले. एवढ्या विजेला जमीन लागणार, आणि ऊन तर आपल्याच माळावर पडते. ज्या बरडावर ज्वारीसुद्धा हाताला लागत नाही, त्याला आता गिऱ्हाईक येईल. माझे मत स्पष्ट आहे: माळ विकू नका. द्यायचाच तर भाडेपट्ट्याने द्या, भाडे दरसाल वाढेल अशा करारावर. २०१९ च्या कुसुम योजनेत पडीक जमिनीवर अर्धा ते दोन मेगावॉटचा सौर प्रकल्प शेतकऱ्याला, किंवा शेतकऱ्यांच्या गटाला, स्वतः उभारून वीज विकता येते. भांडवल जुळत असेल तर ते सर्वांत चांगले.

सौर प्रकल्पासाठी जमीन मागायला ज्यांच्याकडे दलाल येऊन गेले, त्यांनी इसाराचे कागद सही करण्याआधी जिल्हा बैठकीला सोबत आणावेत.