दारातला कुत्रा आणि घरातली मुलं

गेल्या बकरी ईदला आम्ही आपाच्या सासरी होतो. त्यांचं घर सांगली जिल्ह्यात, शेतातल्या वस्तीवर आहे. दोन म्हशी, सात-आठ शेळ्या आणि राखणीला शेरू. शेळ्यांच्या वाड्याशेजारी लिंबाच्या बुंध्याला तो साखळीनं बांधलेला असतो. घरातलं कुणी त्याला फारसं शिवत नाही. दुल्हाभाई त्याच्यापुढे जर्मनची थाळी सरकवतात, तेवढाच काय तो संबंध.

दिवसभर गडबड होती. कुर्बानी झाली, वाटे झाले, पाहुणे येऊन गेले. मगरिबच्या वेळी मी मुलांना वजूला नळावर घेऊन गेले, तर आपाचा धाकटा, पहिलीतला, बाही वर करायलाच तयार होईना. आधी वाटलं, नवा कुर्ता भिजेल म्हणून हट्ट करतोय. मीच बाही वर केली. मनगटाच्या वर दातांचे तीन व्रण होते. त्यातल्या एकातून रक्त येऊन वाळलेलं होतं.

"शेरू चावला?"

त्यानं मान हलवली आणि रडायलाच लागला. "खाला, अम्मीला सांगू नको ना. कुत्र्याला हात लावला म्हणून मारेल."

दुपारी कुणीतरी शेरूपुढे हाडूक टाकलं होतं. याचा चेंडू तिथंच गेला. तो उचलायला हा वाकला. शेरू गुरगुरला, पण याला वाटलं तो खेळतोय. चार तास हे मूल ती जखम बाहीखाली झाकून बिर्याणी खात होतं, ईदी मोजत होतं. आम्ही दहा-बारा मोठी माणसं घरात असून कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. कुत्रा चावला याचं वाईट वाटलंच. पण त्यानं ते लपवलं, याची जास्त भीती वाटली. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की त्यावर इलाज नाही, माणूस जवळजवळ नक्कीच दगावतो. लक्षणं दिसण्याआधी लस घेतली तर तो वाचतो. म्हणजे मुलाचा जीव एका वाक्यावर अवलंबून असतो: "अम्मी, मला कुत्रा चावला." आणि तेच वाक्य आपण आपल्या रागानं त्याच्या तोंडातच अडवून ठेवतो.

भगिनींनो, आपल्या घरांमध्ये मुलांना कुत्र्याबद्दल एकच गोष्ट शिकवली जाते: "हात लावू नको, नापाक होशील." पाकी-नापाकीचे नियम मुलांना शिकवायलाच हवेत. कुत्र्यानं तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवायचं, हे आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असतं. पण कुत्रा गुरगुरला तर काय करायचं, तो जेवत असेल तर किती लांब राहायचं, दात लागला तर कुणाला सांगायचं, हे आपण शिकवत नाही. शेताच्या, गुरांच्या राखणीसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्ये आहे. तहानलेल्या कुत्र्याला चामडी मोज्यातून पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीसही आपण मुलांना सांगतो. मग कुत्रा दारात असेल, तर त्याच्याजवळ कसं वागायचं हे सांगणंही आपलंच काम आहे.

त्या संध्याकाळी काय झालं ते सांगते, कारण यातल्या चुका घरोघरी होतात. आपाच्या सासूबाई मिरचीपूड आणि चुना घेऊन आल्या. मी हात जोडून त्यांना थांबवलं. चावलेल्या जागी मिरची, चुना, हळद, तेल काहीही लावायचं नसतं. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवायची. ही पंधरा मिनिटं घड्याळ लावून मोजायची, कारण रडणाऱ्या मुलासमोर दोन मिनिटंही फार वाटतात. या धुण्यानं जखमेतले बरेचसे विषाणू निघून जातात. घट्ट पट्टी बांधायची नाही.

मग लगेच तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात गेलो. रक्त आलेलं असल्यानं डॉक्टरांनी लसीबरोबर जखमेतही औषध टोचलं. रक्त आलेली जखम असेल तर नुसती लस पुरत नाही, हे लक्षात ठेवा. लसीचा असर व्हायला काही दिवस लागतात. तोपर्यंत विषाणूला जखमेतच अडवण्यासाठी हे दुसरं औषध असतं. दंडात टोचायच्या लसीचे दिवस ठरलेले असतात. मूल खेळायला लागलं म्हणून मधेच थांबायचं नाही. थांबायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील.

इकडे दुल्हाभाईंनी काठी उचलली होती. सासूबाई म्हणत होत्या, "लांब सोडून या त्याला." मी म्हटलं, लांब सोडला तर तो दुसऱ्या कुणाच्या लेकराला चावेल. शिवाय त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. चावताना कुत्र्याच्या लाळेत रेबीज असेल, तर दहा दिवसांच्या आत तो आजारी पडतो किंवा मरतो. तो मारून टाकला किंवा सोडून दिला तर हे कळणार कसं? पण या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबवायची नाही. लस त्याच दिवशी सुरू करायची, नजर नंतर ठेवायची. शेरूला अल्लाहच्या कृपेनं काही झालं नाही. पण त्याला कधी लस दिलेलीच नव्हती, हेही तेव्हाच कळलं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग पशुवैद्य सांगतील तशी दरवर्षी. शेळ्यांना लस देणाऱ्या घरानं कुत्र्याला विसरू नये.

आणि खरं सांगायचं तर शेरूचा दोष कमीच होता. दिवसभर साखळीला, समोर परकी माणसं, मांसाचा वास आणि तोंडापुढचं हाडूक. तो आधी गुरगुरला होता. गुरगुरणं ही कुत्र्याची भाषा आहे: "लांब हो." त्याबद्दल त्याला मारलं तर तो पुढच्या वेळी न गुरगुरताच चावेल. गुरगुरण्याआधीही तो खुणा करत असतो. अंग ताठ करतो, तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या दिसतात. शेपटी हलतेय म्हणजे तो खूशच आहे, असंही नसतं. मोठ्यांना या खुणा ओळखता येतील. पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्या समजत नाहीत. दात दाखवणारा कुत्रा त्याला हसल्यासारखा वाटतो.

म्हणून पहिला नियम मोठ्यांसाठी आहे. लहान मूल आणि कुत्रा यांना एकटं सोडायचं नाही, कुत्रा कितीही गरीब असला तरी. "मी इथेच आहे, स्वयंपाकघरात" हे पुरत नाही. हात पोचेल इतकं जवळ माणूस हवं. ते शक्य नसेल तर मधे दार हवं, जाळी हवी, अर्धं फाटक हवं. रांगणारं बाळ असेल त्या घरात तर हे आजच करून घ्या. मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं, म्हणून लहान मुलांना चेहऱ्यावर आणि मानेवर चावे बसतात. गळ्यात पडणं, तोंडाजवळ तोंड नेणं, पाठीवर बसणं, शेपटी ओढणं हे बंद. कुत्र्याची बांधायची जागा मुलांच्या खेळण्याच्या वाटेवर नको. तिथं सावली आणि पाणी असू दे, आणि दिवसातून काही वेळ तरी साखळी सुटू दे. ईद, लग्न, पाहुणे अशा दिवशी त्याला आधीच बाजूला, शांत ठिकाणी ठेवा.

मुलांना मात्र थोडंच सांगा, पण रोज सांगा. कुत्रा खात असेल, झोपला असेल, बांधलेला असेल, आजारी असेल किंवा पिल्लांजवळ असेल, तर जवळ जायचं नाही. चेंडू गेला तर मोठ्यांना हाक मारायची. अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, झाड व्हायचं: पाय घट्ट, हात अंगाशी, नजर स्वतःच्या पायांकडे. खाली पडलो तर गोळा होऊन कान आणि मान हातांनी झाकायची.

सुट्टीनंतर मी हा 'झाड व्हा'चा खेळ दुसरीच्या वर्गात घेतला. मुलांना फार आवडला. शेवटी सहज विचारलं, कुणाला कुत्र्याचा किंवा मांजराचा दात, नख लागलंय? सहा हात वर आले. त्यातल्या दोघांनी घरी सांगितलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी मी दोघांच्याही आईला फोन केला. एक म्हणाली, "टीचर, आमच्यात कुत्रा पाळतच नाहीत, हे कशाला शिकवता?" मी म्हटलं, पाळत नसाल, पण गल्लीत तर आहे ना? दुसऱ्या दिवशी ती स्वतः मुलाला घेऊन दवाखान्यात गेली. दिवस उलटले असले तरी उशीर झाला म्हणून गप्प बसायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचंच, हे तिला पटलं.

आपाच्या घरी आता एक नवा रिवाज आहे. रात्री झोपताना ती मुलांना विचारते, "आज काही लागलं, काही चावलं?" आणि उत्तर काहीही आलं तरी रागवायचं नाही, असं तिनं स्वतःलाच बजावलंय. मागच्या महिन्यात धाकट्यानं तिला सांगितलं, मांजरीनं बोचकारलं. त्याच रात्री ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. मुलानं सांगितलं, यातच मला सगळं मिळालं.

आज रात्री तुमच्या मुलांनाही विचारून पाहा. विचारण्याआधी एवढं सांगा: "सांगितलंस तर मारणार नाही." आणि मग खरंच मारू नका.