ठरावाने गावाची हद्द हलत नाही

सभा संपते, पुस्तिकांचा गठ्ठा आवरायला घेतो, तेवढ्यात एक प्रश्न हमखास येतो. "अहो, आपल्या विधानसभेनं ठराव केला, एकमतानं केला, मग बेळगाव अजून का येत नाही?" प्रश्न रास्त आहे. आमच्यातले बरेचजण चौथीपुढे शिकलेले नाहीत. पण घटना जशी वकिलाची तशी आमचीही आहे. म्हणून ती कामगाराच्या भाषेत सांगणे आम्ही आमचे काम समजतो.

गिरणीत जॉबरचा दरारा मोठा. साचा कुणाला द्यायचा, बदलीवाल्याला आत घ्यायचं की फाटकावरून परत धाडायचं, हे जॉबर ठरवी. पण खातं चालू ठेवायचं की मोडायचं, ते हापिसात ठरे. फार तर जॉबरला बोलावून विचारत. त्याचं ऐकलंच पाहिजे असं बंधन नव्हतं. राज्याच्या विधानसभेचंही तसंच आहे.

घटनेच्या सातव्या परिशिष्टात तीन याद्या आहेत. एक दिल्लीची : लष्कर, रेल्वे, टपाल. दुसरी राज्याची : पोलीस, शेती, जमीन, नगरपालिका, दवाखाने, दारू. तिसरी दोघांची मिळून. आमचे कामगार तंटे आणि युनियनचे कायदे या तिसऱ्या यादीत येतात. तिथे राज्याचा कायदा आणि संसदेचा कायदा यांची टक्कर झाली तर संसदेचा टिकतो. राष्ट्रपतींची संमती मिळवली तर राज्याचा कायदा त्या राज्यापुरता तग धरतो, पण संसद तोही पुढे फिरवू शकते. कुठल्याच यादीत नाही तो विषय दिल्लीचा. आणि आपल्या यादीतला विषय असला तरी मूलभूत हक्कांवर पाय देऊन विधानसभेला कायदा करता येत नाही. कोर्ट तो रद्द करते.

याद्याही जागच्या जागी राहात नाहीत. शिक्षण राज्याच्या यादीत होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ते दोघांच्या यादीत गेले. नाक्यावरची जकात २०१७ साली वस्तू व सेवा कराने गिळली. मात्र यादीतला शब्द बदलायचा तर संसदेत खास बहुमत लागते, वर निदान निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मान्यता लागते.

आणि राज्याची हद्द बदलायची तर? आख्खे राज्य मोडायचे तर? कलम ३ वाचा. संसदेचे साधे बहुमत पुरते! विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने येते, आणि त्या राज्याच्या विधानसभेकडे फक्त मत विचारायला पाठवतात. संमती नव्हे, मत! १९५५ च्या पाचव्या दुरुस्तीने त्यालाही मुदत घातली. मुदतीत बोललात तर बोललात, नाहीतर गाडी पुढे.

याची झळ आपल्या वाडवडिलांनी सोसली. २१ नोव्हेंबर १९५५ ला गिरण्या बंद ठेवून कामगार विधानसभेवर निघाला आणि फ्लोरा फाउंटनला गोळ्या झेलून पडला. पुढे १९५६ चे विधेयक आले. त्यात महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई दिल्लीच्या ताब्यात, असे तीन तुकडे होते. त्यावर विधानसभेचे मत घेतले. मग संसदेने ते तुकडे बाजूला सारून द्वैभाषिकच उभे केले! बदललेल्या बेतावर विधानसभेला पुन्हा विचारले नाही, अशी तक्रार बाबूलाल पराते यांनी कोर्टात नेली. १९५९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले : एकदा विचारले तेवढे पुरे, दर दुरुस्तीला पुन्हा विचारायला नको, आणि दिलेले मत संसदेवर बंधनकारकही नाही. त्याच १९५६ च्या कायद्याने चंदगड तालुका तेवढा इकडे ठेवून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात ढकलला.

२०१४ साली हेच घडले. आंध्रच्या विधानसभेने जानेवारीत तेलंगणाचे विधेयक फेटाळले. संसदेने ते फेब्रुवारीत मंजूर केले, २ जूनला राज्य उभे राहिले.

मग कलम ३ वाईटच का? इथे आम्ही आपल्याच लोकांना दोन शब्द कडू सांगतो. १ मे १९६० चा महाराष्ट्र याच कलमाने, संसदेच्या साध्या कायद्याने आला. हद्दीसाठी त्या त्या राज्याच्या विधानसभेची संमती सक्तीची करा, असं काहीजण सभेत म्हणतात. टाळ्या पडतात. पण विचार करा : तसं झालं तर बेळगाव, निपाणी, कारवारची चावी कायमची बंगळूरच्या विधानसभेकडे जाईल. ज्या विधानसभेत सीमाभागातला मराठी माणूस मूठभर, तिची संमती तो कधी मिळवणार? म्हणून ती मागणी आमची नाही. आमची मागणी एवढीच, की संसदेने ही ताकद वापरताना गावातल्या माणसाला विचारावे.

हे अशक्य नाही. आंध्र आणि मद्रासच्या हद्दीचा वाद पाटसकरांनी गाव हा घटक धरून, भाषा आणि लागून असलेली जमीन बघून सोडवला. १९५९ साली संसदेने तसा कायदा केला, गावे इकडची तिकडे झाली. तेलुगू आणि तमिळ माणसाला जे मिळाले ते मराठी आणि कानडी माणसाला का नाही? कानडी कामगाराशी आमचे वैर नाही. त्याच्या शेजारच्या साच्यावर आम्ही घाम गाळला आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये २२ तारखेला कर्नाटकाने ठराव केला, २७ तारखेला महाराष्ट्राने ८६५ गावांचा केला. दोन्हीकडे बाके वाजली. हद्दीवरचा एक दगड हलला नाही. हलणार कसा? हद्दीचा विषय राज्याच्या यादीतच नाही! २००४ साली महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा लावला, तो लढवावाच. पण नव्या हद्दीचा कायदा करण्याचे काम संसदेचे आहे.

राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय विधेयक मांडता येत नाही, आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. म्हणजे चावी दिल्लीच्या सरकारच्या कमरेला आहे. तेव्हा बंधूंनो, भगिनींनो, आमदाराने ठरावाचा कागद दाखवला तर तो वाचा, पण त्यावर झोपी जाऊ नका. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत. पक्ष कुठलाही असो, दारात आला की एकच विचारा : गाव हा घटक धरून हद्दीचे विधेयक आणा, असे तुम्ही सरकारला कधी सांगितले? किती वेळा? उत्तर येईपर्यंत दारातून हलू देऊ नका.