संक्रांतीच्या हळदीकुंकवाची रंगसंगति

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरीं हळदीकुंकवाचे समारंभ होतात. त्या वेळीं दिवाणखाना सजवितांना घरांत असतील नसतील ते सर्व रंग एकत्र करण्याचा मोह आमच्या भगिनींस होतो. तो आवरावा, असें आम्हांस वाटतें.

या सणाची रंगसंगति परंपरेनेंच ठरवून ठेवली आहे. एरवीं मंगलकार्यांत वर्ज्य मानलेला काळा रंग या सणाला मानाचा. तो उन्हाची ऊब शोषून घेतो, म्हणून थंडींत सोयीचाही. काळ्या चंद्रकळेवर पांढऱ्या हलव्याचे दागिने खुलतात. हीच जोडी सजावटींत घ्यावी. भिंतीशीं चंद्रकळा पसरून तिच्यापुढें हलव्याचीं ताटें व पांढरी रांगोळी मांडावी. तिसरा रंग सुगडांतून घ्यावा: हरभऱ्याच्या घाट्यांचा हिरवा. लाल व पिवळा मात्र हळदीकुंकवाच्या करंड्यांसाठींच राखावे, म्हणजे नजर आपोआप तेथें जाते. कापड रात्रीं दिव्याच्या उजेडांत पारखावें. पिवळ्या प्रकाशांत निळा रंग काळवंडतो.

शेवटीं एक विनंति. कित्येक घरांत विधवा सासूबाई किंवा नणंद या दिवशीं आंतल्या खोलींत बसून राहतात. हलवा मात्र पुष्कळदां त्यांच्याच हातचा असतो. मंद विस्तवावर तिळाला थोडाथोडा पाक घालून काटे आणण्यांत त्यांचे दिवस गेलेले असतात. कुंकवाचें बंधन रूढीचें. तिळगुळाला तर तेंही नाहीं. त्यांना बैठकींत मानानें बसवावें, वाण त्यांच्या हातून द्यावें. घरचें एक माणूस आंत ठेवून साधलेली रंगसंगति अपुरीच होय.