विश्लेषण : कृत्रिम हिरवळ पाइपने धुवावी की खराट्याने राखावी?

बीड जिल्ह्यात एप्रिल उजाडला की विहिरी आणि बोअर तळ गाठू लागतात आणि टँकरची चर्चा सुरू होते. त्याच दिवसांत मंगल कार्यालयांची लॉन्स, बॉक्स क्रिकेटचे टर्फ, हॉटेलांची दर्शनी जागा आणि बंगल्यांच्या गच्च्या मात्र हिरव्यागार दिसतात. ही हिरवळ प्लास्टिकची असते. ‘पाणी लागत नाही, देखभाल लागत नाही’ असे सांगून ती विकली जाते. यातला पहिला दावा अर्धा खरा आहे आणि दुसरा खोटा. देखभाल चुकली तर पहिला दावाही उरत नाही.

खऱ्या हिरवळीला किती पाणी लागते?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ऐन उन्हाळ्यात खऱ्या हिरवळीला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले, तर हजार चौरस फुटांना, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरला, रोज जवळपास ४६५ लिटर पाणी लागते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटर पाण्याचा निकष आहे. म्हणजे एका छोट्या लॉनवर आठ माणसांचे पाणी रोज जिरते.

हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेलेला आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण तेव्हा कोरडे पडले होते आणि लातूरची तहान त्याच धरणावर अवलंबून होती. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. दुष्काळात मैदानांवर पाणी मारावे का, हाच त्या वादाचा मुद्दा होता. त्या अनुभवानंतर मराठवाड्यात कोणी कृत्रिम हिरवळ निवडली, तर तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही.

मग बचत कुठे वाया जाते?

बागेच्या पाइपमधून मिनिटाला १५ लिटर पाणी येते असे धरले, तर अर्ध्या तासात ४५० लिटर वाहून जाते. खऱ्या हिरवळीच्या एका दिवसाच्या गरजेइतकेच हे पाणी झाले. महिन्यातून एकदा असे धुतले तरी बचत मोठी राहते. पण अनेक ठिकाणी पाइप रोज संध्याकाळी लागतो. त्याचे कारण धूळ कमी आणि उष्णता जास्त.

खरे गवत पानांतून बाष्प सोडून स्वतःला थंड ठेवते. प्लास्टिकला ते जमत नाही. बीडमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा उन्हातल्या टर्फवर अनवाणी उभे राहणे अवघड होते. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने केलेल्या मोजमापात तापलेल्या कृत्रिम मैदानाचे तापमान पाणी मारताच ७९ अंश सेल्सिअसवरून २९ अंशांपर्यंत उतरले. पण २० मिनिटांत ते पुन्हा ७३ अंशांच्या आसपास गेले. म्हणजे भर उन्हात मारलेले पाणी वायाच जाते. त्यावर उपाय सावलीचा आणि वेळेचा आहे. वर हिरवी शेडनेट लावावी, कडेला कडुलिंब वाढू द्यावा आणि खेळ सकाळी किंवा सूर्यास्तानंतर ठेवावा.

रोजची सफाई कशी असावी?

आधी कोरडी सफाई, हा मूळ नियम. उन्हाळ्यात वावटळीबरोबर येणारी बारीक माती पात्यांच्या मुळाशी बसते. त्यावर थेट पाणी मारले की तिचा चिखल होतो आणि तळाची निचऱ्याची छिद्रे बुजतात. म्हणून पालापाचोळा आणि धूळ आधी खराट्याने किंवा ब्लोअरने काढावी. आठवड्यातून एकदा नायलॉनच्या कडक ब्रशने, पाती ज्या बाजूला झुकली आहेत त्याच्या उलट दिशेने झाडावे. त्यामुळे पाती उभी राहतात आणि मधली वाळू सारखी पसरते. लोखंडी दाताळे किंवा तारेचा ब्रश वापरू नये. पाती तुटतात आणि सांधे उखडतात.

पात्यांच्या मध्ये भरलेली वाळू ही हिरवळीचा आधार आहे. ती कमी झाली की पाती आडवी पडतात आणि टर्फवर पाय घसरतात. जिथे मुले खेळतात, तिथे गोलंदाजाच्या धावपट्टीवर आणि फलंदाज उभा राहतो त्या जागी वाळू सर्वांत आधी कमी होते. वर्षातून एकदा तरी तिथे भर घालावी.

लग्नानंतरच्या डागांचे काय?

मंगल कार्यालयात हळद, गुलाल, पाक, तेल आणि पानाची पिचकारी हे पाच शत्रू. हळद आणि गुलाल सुके असतानाच झाडून घ्यावेत. पाणी लागले की रंग पसरतो. उरलेला हळदीचा पिवळेपणा सौम्य साबणाच्या फडक्याने पुसावा; राहिला तर काही दिवसांच्या उन्हात तोही फिकटतो. जिलेबीचा पाक ओल्या फडक्याने लगेच पुसावा, नाहीतर मुंग्या लागतात. तेलाला भांड्यांचा द्रव साबण पुरतो. च्युइंगमवर बर्फ ठेवून ते कडक झाल्यावर खरवडावे. कुत्र्या-मांजरांच्या लघवीचा वास येत असेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून शिंपडावे. या सगळ्याला एक-दोन बादल्या पाणी पुरते. संडास साफ करण्याचे आम्ल आणि ब्लीच मात्र टाळावे.

बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर ते वाळल्यावर पात्यांवर पांढरा थर उरतो. ‘आरओ’मधून बाहेर टाकलेल्या पाण्यात तर क्षार आणखी जास्त असतात. धुण्याची वेळ आलीच, तर गच्चीवरून साठवलेले पावसाचे पाणी सर्वांत चांगले.

आगीपासून विशेष जपावे. पॉलिएथिलीनची पाती सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतात. भुईनळा, कापूर, शेकोटीचा निखारा किंवा तापल्या तेलाची कढई यांनी पडलेले भोक बुजत नाही. तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागतो.

पावसाळ्यात काय पाहावे?

गच्चीवर हिरवळ अंथरण्याआधी उतार आणि पाण्याची वाट तपासावी. खाली पाणी साचले तर शेवाळ धरते, कुबट वास येतो आणि स्लॅबला ओल लागते. कडेला साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. जूनपूर्वी एकदा कडा उचलून खालची माती काढणे, हे पावसाळ्यातल्या चार वेळच्या धुण्यापेक्षा उपयोगाचे.

जुनी हिरवळ जाते कुठे?

याचे उत्तर विक्रेता सहसा देत नाही. पाती, तळ आणि डिंक यांत वेगवेगळी प्लास्टिक व रबर असल्याने पुनर्वापर कठीण असतो. झिजलेल्या पात्यांचे कण मातीत आणि नाल्यात जातात. टर्फमध्ये भरल्या जाणाऱ्या रबरी व प्लास्टिक कणांवर युरोपीय संघाने २०२३ मध्ये निर्बंध मंजूर केले आणि मैदानांना बदलासाठी आठ वर्षांची मुदत दिली. आपल्याकडे जुना गालिचा उकिरड्यावर पेटवण्याचा धोका जास्त आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली आहे. धूर मात्र शेजारच्या वस्तीतच जातो. म्हणून हिरवळ जितकी जास्त वर्षे टिकेल तितके बरे. आठवड्याच्या ब्रशने झिजलेली पाती गोळा होतात. ती नाल्यात न ढकलता पोत्यात भरून कचरागाडीत द्यावीत.

थोडक्यात

पाणीटंचाईच्या जिल्ह्यात कृत्रिम हिरवळीला जागा आहे, पण ती खेळाच्या मैदानावर आणि जिथे खरे गवत जगणार नाही तिथे. घरापुढच्या प्रत्येक अंगणात ती हवीच असे नाही; तिथे एक झाड जास्त गारवा देते. घ्यायचीच असेल तर विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत : निचरा कसा होईल, सांधा उसवला तर कोण दुरुस्त करणार आणि जुनी झाल्यावर परत घेणार का? मंगल कार्यालये आणि टर्फचालकांनी सफाईच्या सामानात खराटा आणि ब्रश आधी घ्यावा. टँकरची वाट पाहणाऱ्या गल्लीशेजारी प्लास्टिकच्या गवतावर रोज पाइप सोडणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.